फ्लॅश आधी की नंतर? रात्रीच्या मिरवणुकीतली हालचाल टिपताना सिंकची वेळ कशी ठरवावी

रात्रीच्या विसर्जन मिरवणुकीत फ्लॅश घेऊन उतरणाऱ्याला एक सल्ला हमखास मिळतो: कॅमेरा रिअर कर्टन सिंकवर ठेव (म्हणजे फ्लॅश शटर मिटण्याच्या अगदी आधी पेटेल), हालचाल नैसर्गिक दिसते. हा सल्ला अर्धाच खरा आहे. ढोल, ताशा, झांज, लेझीम या सगळ्यांत हात त्याच वाटेने पुन्हा पुन्हा जातो-येतो आणि फोटोचं यश एका नेमक्या क्षणावर ठरतं. टिपरू डोक्यावर गेलेलं, लेझीम उघडलेली, ध्वज पूर्ण फुललेला. रिअर सिंक बरेचदा हाच क्षण हातून घालवतो. तो कुठे उपयोगी पडतो आणि कुठे नडतो हे कळायला फ्लॅश शटरच्या कुठल्या टप्प्यावर पेटतो हे नीट समजून घ्यावं लागतं. म्हणून आधी थोडी यंत्राची ओळख करून घेऊ आणि मग रस्त्यावर उतरू.

दोन पडदे आणि सिंक स्पीड

डीएसएलआर आणि बहुतेक मिररलेस कॅमेऱ्यांत सेन्सरसमोर दोन पडदे असतात. पहिला सरकून सेन्सर उघडतो, दुसरा त्याच दिशेने मागून येऊन झाकतो. पडद्याला सेन्सर ओलांडायला साधारण ३ ते ४ मिलिसेकंद लागतात. शटर स्पीड कितीही वाढवला तरी हा वेळ बदलत नाही. बदलतं ते दोन पडद्यांमधलं अंतर.

फुल फ्रेम सेन्सरची उंची २४ मिलिमीटर असते. पडदा ती ४ मिलिसेकंदांत पार करतो असं धरू. १/१००० सेकंदाला पहिला पडदा निघाल्यावर १ मिलिसेकंदातच दुसरा निघतो, म्हणजे जेमतेम ६ मिलिमीटरची फट सेन्सरवरून सरकत जाते. पूर्ण सेन्सर एकाच वेळी कधीच उघडा नसतो. त्या अवस्थेत फ्लॅश पेटला तर तेवढीच पट्टी उजळते, बाकीच्या भागावर फ्लॅशचा उजेड पोहोचतच नाही. ज्या सर्वांत वेगवान शटर स्पीडला सेन्सर क्षणभर पूर्ण उघडा राहतो तो तुमच्या कॅमेऱ्याचा सिंक स्पीड. बहुतेक कॅमेऱ्यांत तो १/१६० ते १/२५० च्या दरम्यान असतो.

मॅन्युअलमध्ये आकडा दिलेला असला तरी तो स्वतः तपासून घ्या, विशेषतः रेडिओ ट्रिगर (फ्लॅश दुरून बिनतारी पेटवणारं उपकरण) वापरत असाल तर. ट्रिगरमुळे फ्लॅश किंचित उशिरा पेटतो आणि १/२०० चा कॅमेरा प्रत्यक्षात १/१६० लाच साथ देतो. अंधाऱ्या खोलीत पांढऱ्या भिंतीसमोर कॅमेरा आडवा धरा, मॅन्युअल मोडवर १/१२५ पासून सुरुवात करा आणि एकेक पायरी वर चढा. ज्या स्पीडला फोटोच्या खालच्या कडेला काळी पट्टी दिसू लागेल त्याच्या एक पायरी खाली थांबा. कॅमेऱ्याच्याच कंपनीचा फ्लॅश वर बसवला असेल तर कॅमेरा स्वतःच सिंक स्पीडच्या पुढे जाऊ देत नाही आणि पट्टी दिसणार नाही. सायलेंट शटर मात्र बंद करा, कारण इलेक्ट्रॉनिक शटरवर बहुतेक कॅमेरे फ्लॅश पेटवतच नाहीत.

एका फोटोत दोन एक्स्पोजर

हा भाग पक्का झाला की पुढचं सगळं सोपं जातं. फ्लॅश लावून मंद शटरला काढलेला फोटो म्हणजे एकावर एक पडलेली दोन एक्स्पोजर, म्हणजे उजेडाच्या दोन नोंदी, असतात. पहिलं रस्त्यावरच्या दिव्यांचं: शटर उघडं असेपर्यंत ते जमा होत राहतं आणि हालचालीचा फराटा त्यातून येतो. दुसरं फ्लॅशचं: ते निमिषात संपतं आणि त्यात सगळं गोठतं.

ते निमिष किती लहान? निकॉनच्या एसबी-८०० या जुन्या, नावाजलेल्या फ्लॅशचे आकडे पाहा. पूर्ण ताकदीवर तो सुमारे १/१०५० सेकंद पेटतो, १/३२ ताकदीवर १/१७,८०० सेकंद आणि १/१२८ वर १/४१,६०० सेकंद. स्पीडलाइट प्रकारच्या फ्लॅशची ताकद कमी करणं म्हणजे तो लवकर विझवणं, एवढाच त्याचा अर्थ. ध्वजाच्या काठीचं टोक सेकंदाला ५ मीटर वेगाने फिरत असेल तर पूर्ण ताकदीच्या फ्लॅशमध्ये ते सुमारे ५ मिलिमीटर सरकतं, १/३२ वर अर्ध्या मिलिमीटरहूनही कमी. तेच टोक १/१५ सेकंदाच्या शटरमध्ये ३३ सेंटिमीटर सरकतं. फराटा आणि धार दोन्ही एकाच फोटोत येतात त्या या फरकामुळे.

कल्पना जुनीच आहे. १८५१ मध्ये विल्यम हेन्री फॉक्स टॅल्बट यांनी लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये फिरत्या चाकावर वर्तमानपत्राचा कागद लावला आणि लायडन जारच्या (वीज साठवणाऱ्या बरणीच्या) विजेच्या ठिणगीत त्याचा फोटो घेतला. पुढे १९३० च्या दशकापासून एमआयटीतल्या हॅरॉल्ड एजर्टन यांनी याच तत्त्वावर इलेक्ट्रॉनिक फ्लॅश घडवला. दोघांनीही वेग गोठवला तो उजेडाच्या अल्पायुष्यातून, शटरच्या वेगातून नव्हे.

आता नियंत्रणं. शटर स्पीडने फक्त रस्त्याचा उजेड कमी-जास्त होतो, फ्लॅशवर त्याचा परिणाम नाही. फ्लॅशच्या ताकदीने फक्त फ्लॅशचा उजेड बदलतो. ॲपर्चर (लेन्सच्या छिद्राचं माप) आणि आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) दोन्हींना हात लावतात. ही तीन वाक्यं पाठ असतील तर गर्दीत धक्के खातानाही सेटिंग चुकत नाही.

फ्रंट आणि रिअर: घरी करून पाहा

फ्रंट कर्टन सिंकमध्ये पहिला पडदा पूर्ण उघडताच फ्लॅश पेटतो, मग उरलेला वेळ नुसता रस्त्याचा उजेड जमा होतो. रिअरमध्ये आधी उजेड जमा होतो आणि दुसरा पडदा निघायच्या अगदी आधी फ्लॅश पेटतो.

रात्री खोलीतले दिवे मालवा. कॅमेरा ट्रायपॉडवर, शटर १ सेकंद. घरातल्या कुणाला तरी मोबाईलचा टॉर्च कॅमेऱ्याकडे करून डावीकडून उजवीकडे चालायला सांगा. फ्रंटवर माणूस डाव्या टोकाला गोठलेला दिसेल आणि टॉर्चची रेघ त्याच्या पुढे उजवीकडे पळालेली दिसेल, जणू तो उलटा चालतो आहे. रिअरवर माणूस उजव्या टोकाला आणि रेघ त्याच्या मागे. आता हाच प्रयोग १/२०० ला करा. दोन्ही फोटो जवळपास सारखे येतील, कारण इतक्या कमी वेळात टॉर्चची रेघच उमटत नाही. म्हणजे वेगवान शटरला फ्रंट की रिअर हा प्रश्नच उरत नाही. शटर मंद असेल आणि आजूबाजूचा उजेड फोटोत दिसण्याइतका असेल, तेव्हाच तो पडतो.

सेटिंग कुठे सापडेल? निकॉनमध्ये ते कॅमेऱ्यात असतं, बऱ्याच मॉडेलांत फ्लॅशचं बटण दाबून डायल फिरवला की मिळतं. कॅननमध्ये एक्स्टर्नल फ्लॅशच्या मेनूत शटर सिंकखाली, सोनीत फ्लॅश मोडच्या यादीत. एकच पिन असलेले साधे फ्लॅश किंवा स्वस्त ट्रिगर काही कॅमेऱ्यांवर फक्त पहिल्या पडद्याला पेटतात, मेनूत काहीही निवडा. टॉर्चचा प्रयोग करून घ्यायचं हेही एक कारण.

मग मिरवणुकीत कुठलं?

ढोल वाजवणाऱ्याचं उदाहरण घेऊ. ठेका मिनिटाला १२० ठोक्यांचा धरला तर दोन ठोक्यांमध्ये अर्धा सेकंद असतो. टिपरू सर्वांत उंच असतं ते साधारण मधोमध, पाव सेकंदाला. शटर १/८ सेकंद आणि सिंक रिअर असेल तर बटण दाबल्यावर फ्लॅश ०.१२५ सेकंद उशिरा पेटणार, म्हणजे दोन ठोक्यांमधल्या वेळाचा चौथा हिस्सा. टिपरू शिखरावर दिसलं म्हणून तुम्ही बटण दाबलंत, आणि फ्लॅश पेटला तेव्हा ते ढोलाच्या पानाकडे अर्ध्या वाटेवर खाली आलेलं. शटर अर्ध्या सेकंदाचं असेल तर अख्खा एक ठोका निघून जातो.

यावर उपाय म्हणून लोक आधी दाबायला शिकतात आणि काहींना ते जमतंही. पण फ्रंटवर हा प्रश्नच येत नाही. कॅमेऱ्याचा स्वतःचा थोडासा उशीर तिथेही असतो, पण तो शटर स्पीडनुसार बदलत नाही आणि बोटाला त्याची सवय लवकर होते. आणि फराटा पुढे दिसेल ही भीती? टिपरू वर जातं, खाली येतं. लेझीम उघडते, मिटते. अशा हालचालीत फराटा पुढचा की मागचा हे पाहणाऱ्याला कळतच नाही, कारण दोन्ही दिशा खऱ्याच आहेत. म्हणून माझं मत ठाम आहे: वादक आणि लेझीम टिपताना फ्रंट सिंक ठेवा.

रिअर राखून ठेवायचं ते एका दिशेने जाणाऱ्या गोष्टींसाठी. बाजूने सरकणारी पथकाची रांग, खांद्यावर पालखी घेऊन धावणारे लोक, मशाल हातात घेऊन निघालेला मुलगा, सायकल. यांत पुढे पडलेला फराटा डोळ्याला खटकतो, विशेषतः हातात पेटता दिवा असेल तर. शिवाय इथे क्षण थोडा मागे-पुढे झाला तरी चालतं, पाऊल कुठे पडलं यापेक्षा रांगेचा ओघ महत्त्वाचा असतो.

सरळ तुमच्याकडे चालत येणाऱ्यांच्या बाबतीत फरक बारीक आहे. रिअरवर गोठलेली आकृती शेवटची, म्हणून सर्वांत मोठी असते आणि आधीचा धूसरपणा बराचसा तिच्याआड जातो. फ्रंटवर धूसर कडा बाहेर वाढत जातात. चेहरा महत्त्वाचा असेल तर मी तरीही फ्रंटच निवडेन, कारण डोळे उघडे आहेत की मिटलेले हे मला बटण दाबतानाच ठरवायचं असतं.

सुरुवातीचे आकडे

कॅमेरा मॅन्युअल मोडवर, ऑटो आयएसओ बंद. ॲपर्चर प्रायॉरिटीवर अनेक कॅमेरे फ्लॅश लागताच शटर स्वतः १/६० वर अडवतात किंवा उलट फार मंद करतात, आणि तुमच्या हातात काही उरत नाही.

आधी फ्लॅश बंद ठेवून रस्ता मोजा. आयएसओ ८००, एफ/५.६, १/१५ सेकंद, २८ मिलिमीटरच्या आसपासची लेन्स. मागची रोषणाई, रथ, इमारती डोळ्याला दिसतात त्यापेक्षा एक ते दीड स्टॉप गडद यायला हव्यात (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा किंवा दुप्पट). जास्त उजळ असतील तर शटर १/३० करा, काळोख असेल तर १/८. या टप्प्यावर आयएसओ आणि ॲपर्चरला शक्यतो हात लावू नका.

मग फ्लॅश, तोही मॅन्युअलवर. गाइड नंबर (फ्लॅशची ताकद सांगणारा आकडा; त्याला ॲपर्चरने भागलं की मीटरमधलं अंतर मिळतं) आयएसओ १०० आणि ३५ मिलिमीटर झूमला ३८ असेल तर १/३२ ताकदीवर तो ६.७ होतो. आयएसओ ८०० साठी त्याला २.८ ने गुणा, १९ येतात. १९ भागिले ५.६ म्हणजे सुमारे ३.४ मीटर. तेवढ्या अंतरावरच्या माणसावर थेट उजेड बरोबर पडेल. वर डिफ्यूझर (उजेड मऊ करणारं झाकण) बसवला असेल तर एक-दोन स्टॉप खर्ची पडतात, तेव्हा १/१६ किंवा १/८ वर या. या हिशेबाचे दोन फायदे आहेत: फ्लॅश फार कमी वेळ पेटतो म्हणून धार उत्तम मिळते आणि लगेच पुन्हा भरतो म्हणून सलग फोटो घेता येतात.

अंतर सांभाळणं मात्र तुमच्यावर आहे. तोच वादक १.७ मीटरवर आला तर त्याच्यावर चौपट उजेड पडेल, म्हणजे दोन स्टॉप जास्त, आणि पांढरा कुर्ता तपशील हरवून पांढराफटक होईल. मिरवणुकीत दर फोटोला ताकद बदलत बसण्यापेक्षा तीन-साडेतीन मीटरचं अंतर डोळ्यात बसवा आणि स्वतः मागे-पुढे व्हा. पथकाच्या दोरीबाहेर उभं राहिलं की हे अंतर बरेचदा आपोआप मिळतं.

फोकसही याच अंतरावर पक्का करून ठेवता येतो. फुल फ्रेमवर २८ मिलिमीटर, एफ/५.६ आणि ३ मीटर फोकस असेल तर पावणेदोन-दोन मीटरपासून सुमारे आठ मीटरपर्यंत स्वीकारण्याजोगी स्पष्टता मिळते. अंधारात ऑटोफोकस शोधाशोध करत राहण्यापेक्षा हे कितीतरी बरं, आणि बटण दाबल्यावरचा उशीरही घटतो.

अंगातून आरपार दिसणारे दिवे

सगळं बरोबर असूनही कधी वादकाच्या गालावरून एलईडीची माळ गेलेली दिसते, फेट्यातून मागची भिंत दिसते. लोक याचा दोष सिंकला देतात आणि फ्रंटवरून रिअरवर जातात, तरी ते जात नाही. कारण वेगळं आहे. माणूस शटर उघडं असताना जागेवरून हलला की त्याने सोडलेल्या जागेत मागचा उजेड जमा होतो आणि फ्लॅशने उमटवलेल्या चेहऱ्यावर चढतो. फ्लॅश आधी पेटला काय किंवा नंतर, बेरीज तीच.

उपाय चौकटीत आहे. चेहरा आणि हात मागच्या गडद भागावर येतील अशी जागा शोधा: गर्दीची काळी रांग, बंद दुकान, आकाश. खाली बसून वर पाहिलं की बहुतेक वेळा आकाश मिळतं, आणि उंचावलेला ढोलही भव्य दिसतो. रोषणाई बाजूला राहू द्या, तिचे फराटे तिथे शोभतात. तेही जमत नसेल तर शटर १/३० किंवा १/६० करा आणि फराट्याचा थोडा मोह सोडा.

टीटीएलचा चकवा

टीटीएलवर, म्हणजे फ्लॅशची ताकद कॅमेराच ठरवतो त्या ऑटो मोडवर, कॅमेरा शटर उघडायच्या आधी एक छोटा मोजणीचा फ्लॅश सोडतो. एरवी तो आणि खरा फ्लॅश डोळ्याला एकच भासतात. रिअर सिंक आणि अर्ध्या-एक सेकंदाचं शटर असेल तर मात्र दोन वेगळे लखलखाट दिसतात. पहिल्यानंतर समोरचा माणूस समजतो की फोटो निघाला, आणि हलतो, मान वळवतो, कधी उठून जातो. घरच्या समारंभात रिअर वापरत असाल तर आधी सांगा, दुसऱ्या उजेडापर्यंत थांबा. मिरवणुकीत फ्लॅश मॅन्युअलवर ठेवला की मोजणीचा फ्लॅश नसतोच. टीटीएलचा आणखी एक त्रास तिथे होतो: पांढरे कुर्ते आणि झांजांची चकाकी यांमुळे त्याचा अंदाज दर फोटोला बदलत राहतो.

दिवसाउजेडी

दुपारच्या लेझीमला किंवा दहीहंडीला गणित पालटतं. उन्हात १/२०० ला ॲपर्चर एफ/११-१६ पर्यंत बंद करावं लागतं. तिथे हाय स्पीड सिंक कामी येतो. यात फ्लॅश अतिवेगाने लुकलुकत राहतो आणि ती सरकती फट सेन्सरभर फिरेपर्यंत जवळपास सलग उजेड देतो. किंमत मोठी आहे, दोन स्टॉप किंवा त्याहून जास्त ताकद जाते. आणि एक गोष्ट ध्यानात घ्या: इथे हालचाल फ्लॅश गोठवत नाही, शटर गोठवतं. १/१००० ला जे स्थिर दिसेल तेच दिसेल. फ्लॅशचं काम फक्त फेट्याखालची सावली भरून काढण्याचं, तेही दोन-तीन मीटरच्या आत. कितीतरी थर वर टांगलेल्या हंडीपर्यंत तो पोहोचत नाही, तिथे बंदच ठेवा.

लेन्समध्येच लीफ शटर (मधून उघडणाऱ्या पात्यांचं शटर) असलेल्या कॅमेऱ्यांना, जसे फुजीफिल्मचे एक्स१०० मालिकेतले, पडद्यांची ही अडचण नाही. ते बऱ्याच वरच्या स्पीडला सिंक होतात. २०२३ मध्ये जाहीर झालेल्या सोनीच्या ए९ थ्री मध्ये ग्लोबल शटर आहे, सगळा सेन्सर एकाच क्षणी वाचला जातो आणि १/८०,००० सेकंदापर्यंत फ्लॅश सिंक होतो. फराट्याचा प्रश्न मात्र त्यातही उरतोच, कारण तो मंद शटरचा आहे.

बैलगाडा शर्यतीत फ्लॅश वापरू नका. धावत्या बैलाच्या डोळ्यात लखलखाट जाणं त्याला, गाडीवानाला आणि कडेला उभ्या माणसांना धोक्याचं आहे. पॅनिंग करा, म्हणजे कॅमेरा बैलांच्या वेगाने सोबत फिरवा, उन्हात १/६० पुरतो. मिरवणुकीतल्या घोड्यांजवळही फ्लॅश बंदच हवा.

रंग, पाऊस, गुलाल

फ्लॅशचा उजेड साधारण ५,५०० केल्विनचा, रथावरचे पिवळे हॅलोजन ३,२०० च्या आसपासचे. तसंच ठेवलं तर माणसं निळसर आणि मागचं सगळं केशरी दिसतं. फ्लॅशवर नारिंगी जेल (पारदर्शक रंगीत कागद) लावा आणि कॅमेऱ्याचा व्हाइट बॅलन्स टंगस्टनच्या (पिवळ्या दिव्यांच्या) जवळ आणा. पांढऱ्या एलईडींचा रस्ता असेल तर जेलची गरज नाही. रंगीत दिवे सतत बदलत असतील तर जेल काढून टाका आणि ते रंग तसेच येऊ द्या.

विसर्जनाच्या रात्री पाऊस असतोच. कॅमेऱ्यावर बसवलेला फ्लॅश लेन्ससमोरच्या थेंबांना आणि हवेतल्या गुलालाला सर्वांत आधी उजळतो, त्यामुळे फोटोभर पांढरे गोळे येतात. फ्लॅश ट्रिगरवर घेऊन हातभर बाजूला, थोडा उंच धरा, गोळे बरेच घटतात. सोबत कुणी असेल तर त्याच्याकडे फ्लॅश देऊन वादकांच्या मागच्या कोपऱ्यात उभं करा: तिथून आलेल्या उजेडात गुलालाचा ढग आतून पेटल्यासारखा दिसतो आणि टिपराचा प्रत्येक उठाव कडेने उजळतो. मागून येणारा थेट उजेड जास्त तेजस्वी दिसतो, म्हणून आधीपेक्षा एक-दोन पायऱ्या कमी ताकदीपासून सुरुवात करा, आणि फ्लॅशचं तोंड लेन्सच्या बाहेर राहील असं पाहा.

दर पाच-दहा फोटोंनंतर स्क्रीनवर झूम करून टिपराचं टोक पाहा. टोकाला धार आहे पण त्याभोवती फराटा नाही, तर शटर मंद करा. फराटा आहे पण धार नाही, तर फ्लॅश कमी पडतोय किंवा रस्त्याचा उजेड जास्त झालाय: शटर एक पायरी वेगवान करा, मग हवी तर फ्लॅशची ताकद वाढवा. दोन्ही आहेत पण टिपरू चुकीच्या जागी आहे, तर मेनू उघडून कॅमेरा रिअरवर तर राहिला नाही ना ते तपासा.